दारावर पाटी लावा : नृत्यवर्ग चालवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
गावोगावी, उपनगरांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या वरच्या मजल्यांवर नृत्यवर्ग चालवणाऱ्या सर्व ताई, मॅडम आणि गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

मी तबला वाजवतो. गेली बावीस वर्षं मुख्यतः कथकच्या वर्गांना साथ करतोय. मुलुंडपासून बदलापूरपर्यंत असा एखादाच फाटा असेल, जिथे मी तबल्याची बॅग खांद्याला लावून जिना चढलो नाही. तुम्ही मुलींसमोर उभ्या असता, हातावर ताल देत पढंत करत, म्हणजे बोल तोंडाने म्हणत असता आणि मी कोपऱ्यातल्या सतरंजीवर ठेका धरून बसलेला असतो. त्या कोपऱ्यातून वर्ग पूर्ण दिसतो. कोण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं येतंय, कोण नुसतं पुढच्या मुलीचे पाय बघून चालवतंय, जूनमध्ये किती होत्या आणि दिवाळीनंतर किती उरल्या, सगळं दिसतं. त्या कोपऱ्यातून जे दिसलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. यात माझा स्वार्थही आहे आणि तो लपवत नाही. तुमचा वर्ग चालला तर माझं घर चालतं.

मागच्या वर्षी डोंबिवलीतला एक वर्ग बंद झाला. ताईंचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. चौदा वर्षं त्यांनी तो वर्ग चालवला, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. शिकवणं इतकं स्वच्छ की त्यांच्या प्रवेशिकेच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षांच्या मुलीसुद्धा तिहाई (तीनदा म्हटलेली एकच बोलांची ओळ) घेऊन समेवर उतरल्या की पाय हलत नसत. शेवटच्या शनिवारी सात मुली होत्या. ताईंनी नेहमीसारखीच सुरुवात केली. भूमीला नमस्कार, मग तत्कार, म्हणजे पायांनी काढायचे मूळ बोल. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’, एकपट, दुप्पट, चौपट. त्या दिवशी त्यांनी चौपट थांबवलीच नाही. मुली दमल्या, मीही दमलो, तरी त्या ताल देतच राहिल्या. शेवटी एका मुलीच्या घुंगरांची दोरी सुटली म्हणून थांबलो. मग त्यांनी नटराजाची मूर्ती पंच्यात गुंडाळली, सतरंजी गोळा केली, आणि हॉलची किल्ली सेक्रेटरींच्या घरी देऊन आल्या.

आम्ही सामान रिक्षात ठेवत होतो तेव्हा कुंपणापलीकडच्या इमारतीतल्या एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून बाहेर पडल्या. बॅगेतून डोकावणारा डग्गा बघून थांबल्या. म्हणाल्या, “इथे क्लास होता का? मला आवाज यायचा घुंगरांचा. वाटायचं, कुणीतरी घरी रियाज करतंय. मी हिला दर शनिवारी ठाण्याला नेते कथकला.”

ताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिक्षात बसल्या.

चौदा वर्षांत त्या हॉलच्या दारावर पाटी नव्हती. सोसायटीने मना केली असंही नाही. ताईंनी विचारलंच नव्हतं. मी एकदा विषय काढला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अहो, पाटी लावून काय कला शिकवायची? ज्याला खरी तहान आहे तो शोधत येतो.”

हे वाक्य मी तुमच्यापैकी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे. शब्द थोडेफार बदलतात. कुणी म्हणतं, आपण काय दुकान थाटलंय का? कुणी म्हणतं, गुरूने शिष्य शोधत हिंडायचं नसतं. कुणी म्हणतं, माझं काम बोलेल. यामागची भावना मी खोटी मानत नाही. तुम्ही गुरूंच्या पायाशी बसून शिकलात, पहिले सहा महिने नुसता तत्कार केलात, त्या विद्येची जाहिरात करायची म्हटलं की अंगावर शहारा येणं मी समजू शकतो. पण ती समजूत ज्या काळातून आली तो काळ एकदा नीट बघा, एवढीच विनंती आहे.

शिष्य गुरूला शोधत यायचा तेव्हा गुरूच्या पोटाची सोय कुणीतरी केलेली असायची. लखनौला वाजिद अली शाहचा दरबार होता, जयपूरला दरबार होता, तंजावरला सरफोजीराजांच्या पदरी भरतनाट्यमची घडी बसवणारे चौघे भाऊ होते. तो गुरू घराच्या दारावर पाटी लावत नसे, कारण त्याची पाटी राजवाड्यावर लागलेली होती. १८५६ साली इंग्रजांनी वाजिद अली शाहचं अवधचं राज्य खालसा केलं, नवाबाला कलकत्त्याला जावं लागलं, आणि त्याच्या आश्रयावर जगणाऱ्यांना दुसरं दार शोधावं लागलं. पुढे एकेक दरबार गेला. कला टिकली ती लोकांमध्ये जाणाऱ्या माणसांमुळे.

यातलं सगळ्यात जवळचं नाव आपल्याच मातीतलं आहे. तुम्ही ज्या मंडळाच्या परीक्षांना मुली बसवता, ज्याचे फॉर्म भरताना जन्मतारखांचा घोळ निस्तरता, त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मुळाशी गायक विष्णु दिगंबर पलुसकर आहेत. कुरुंदवाडचा मुलगा, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. संस्थानचा आश्रय होता, गुरू होते, सगळं होतं. तरी १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गवयाला समाजात मान नाही, गाणं चार भिंतींत अडकलंय, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि मग त्यांनी काय केलं? सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्याबाहेर, पैसे देऊन कुणीही येऊन बसावं अशी. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती! ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली. त्याच्या मागे संस्थानिक नव्हता. लोकांची वर्गणी होती आणि बुवांच्या मैफलींचं उत्पन्न होतं. गावोगाव फिरून ते गायले, पुस्तकं छापली, गाणं शिकणं ही सभ्य घरातल्या मुलामुलींनी करायची गोष्ट आहे हे लोकांना जाहीरपणे सांगितलं. १९३१ साली ते गेले आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी हे मंडळ स्थापन केलं.

पलुसकरबुवांपेक्षा शुचिता जास्त जपणारा माणूस संगीतात शोधून सापडणार नाही. प्रार्थनेने मैफल सुरू करणारा, भजनाने संपवणारा तो माणूस. त्यांना लोकांपर्यंत जाण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला दोन फूट बाय दीड फुटाची पाटी लावताना का वाटावा?

नृत्यात तर हे काम जास्तच अवघड होतं. लीला सोखी, म्हणजे मॅडम मेनका, यांनी कथक कोठ्यांच्या आणि दरबारांच्या बाहेर रंगमंचावर नेलं, १९३६ ते १९३८ मध्ये युरोपभर प्रयोग केले आणि पुढे आपल्या खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. कथकगुरू रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हा चांगल्या घरातल्या मुलींनी नाचायचं नसतं हे उघडपणे बोललं जात होतं. घरोघरचे आईवडील तयार करावे लागत होते. आज पुण्यात गल्लोगल्ली कथक शिकवलं जातं, ते त्या पिढीने लोकांशी बोलून, समजावून, दाखवून उभं केलं म्हणून. तुमची गुरुपरंपरा अशी बोलणारी आहे, हे विसरू नका.

आणि तमाशाकडे बघा. उन्हाळा तोंडावर आला की जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशाच्या फडांचे मालक राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुट्या-राहुट्यांतून फिरतात, बसतात, चहा होतो, तारीख ठरते, सुपारी म्हणजे खेळाची आगाऊ रक्कम दिली जाते. गुढीपाडव्याला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आता विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या गाजलेला फड आहे, त्याचं नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या पोरापोराला माहीत आहे, तो म्हणू शकला असता की ज्याला गरज आहे तो येईल माझ्या घरी. पण तोही राहुटी टाकतो, फलक लावतो, कारण त्याच्या फडात शंभरेक माणसं पोटाला लागलेली आहेत आणि त्यांचं वर्ष त्या काही आठवड्यांत ठरतं. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या गावची ही रीत आहे. त्यात कुणाला कलेचा अपमान दिसत नाही.

तुमच्याही वर्गावर माणसं अवलंबून आहेत. मी आहे. हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरणारी सुरावट, धरणारे आहेत. घुंगरं ओवून देणारे, पोशाख भाड्याने देणारे, मेकअप करणाऱ्या बाई आहेत. विद्यार्थी कमी झाले की सगळ्यात आधी जातो तो साथीदार. फोनवर लेहऱ्याचं अॅप लागतं, लय सेट होते, आणि मुली त्या यंत्रावर नाचायला शिकतात. मला त्या ताईंचा राग येत नाही, आठ मुलींच्या फीमध्ये हॉलचं भाडं आणि तबलजीचं मानधन दोन्ही बसत नाही, हे मला कळतं. पण अॅप मुलीकडे बघत नाही. तिचा पाय अर्धी मात्रा मागे पडला तर तिला हळूच सावरून घेत नाही. त्या मुलीला आयुष्यात हे कळतच नाही की लय म्हणजे दुसऱ्या माणसाबरोबर श्वास घेणं आहे.

आता आकड्याकडे येतो, कारण हा आकडा आपण कुणीच मांडून बघत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात परीक्षा. मुलगी आठव्या वर्षी आली आणि एकही वर्ष न चुकता बसली, तरी मध्यमा पूर्ण होते न होते तोच नववी-दहावी येते. मग ट्यूशन, मग “मॅडम, एक वर्ष ब्रेक घेतोय.” तो ब्रेक किती जणींचा संपतो, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे काही जणी तिथपर्यंत तरी टिकतात, आणि गुण मिळाले की थांबतात. म्हणजे तुम्ही कितीही उत्तम शिकवा, वरच्या वर्गातून मुली जाणारच. तुमच्या शिकवण्यात खोट आहे म्हणून नाही, इथल्या शिक्षणाची रचनाच तशी आहे म्हणून. तळाला दरवर्षी नव्या मुली आल्या नाहीत तर चार-पाच वर्षांत वर्ग आपोआप रिकामा होतो. डोंबिवलीच्या ताईंचं नेमकं हेच झालं. त्यांच्या सात मुलींतली सगळ्यात लहान मुलगी सातवीत होती. त्याआधीच्या तीन जूनमध्ये प्रारंभिकला एकही नवी मुलगी आली नव्हती.

तोंडी शिफारशीवर वर्ग चालतो, हे पूर्वी खरं होतं. तेव्हा माणसं एका चाळीत तीस वर्षं राहत. आज तुमच्या स्टेशनच्या पूर्वेला नवे टॉवर उभे राहतात, त्यात कुणी नागपूरहून आलेलं असतं, कुणी लातूरहून, कुणी मध्य प्रदेशातून. त्यांच्या ओळखीचं इथे कुणी नाही. ते फोन काढतात आणि ‘जवळचा कथक क्लास’ असं शोधतात. नकाशावर जे दिसतं तिथे जातात. तुम्ही त्या नकाशावर नसाल, तर त्या घरासाठी तुम्ही त्या गावातच नाही.

पण मला याहून जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. तोंडी शिफारस कुणापर्यंत पोहोचते? तुमच्या विद्यार्थिनींच्या आया ज्यांच्याशी बोलतात त्यांच्यापर्यंत. म्हणजे त्याच सोसायट्या, त्याच शाळा, बरेचदा तीच आडनावं. ज्या इमारतीत तुमचा वर्ग आहे तिथे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीपर्यंत ती शिफारस जात नाही. नाक्यावरच्या रिक्षावाल्या दादांच्या मुलीपर्यंत जात नाही. त्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नसेल, फी फार असेल, इंग्रजी बोलावं लागत असेल. त्यांचा समज दूर करायला कुणी जात नाही, कारण आपण गप्प आहोत. तुमच्यापैकी कितीतरी जणी एखाद्या मुलीला फी न घेता शिकवतात, हे मला माहीत आहे, मी बघितलं आहे. पण ती मुलगी आधी दारापर्यंत यायला हवी ना. कला सर्वांची आहे असं आपण कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापतो. मग वर्ग कुठे आहे, कधी भरतो आणि फी किती, हे तिला वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं असू द्या. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

आणि तुम्ही गप्प बसल्यावर बोलतं कोण, तेही बघा. ‘तीन महिन्यांत स्टेजवर’, ‘टीव्ही शोची तयारी’, ‘वजन घटवा नाचून’ असे फ्लेक्स आपल्या चौकाचौकांत आहेत. बॉलीवूड किंवा झुंबा शिकवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यात मनापासून मेहनत घेणारी मुलं-मुली मी पाहिली आहेत आणि या पत्रातलं प्रत्येक वाक्य त्यांनाही लागू आहे. तक्रार आहे ती खोट्या आश्वासनांची. आईबापांना फरक कळावा कसा? त्यांनी कथक कधी जवळून पाहिलेलं नसतं. पहिलं वर्ष पायात कमी घुंगरं का बांधतात, एकच तत्कार चार महिने का करवून घेतात, गाण्यावर नाच लगेच का शिकवत नाही, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? तुम्ही सांगत नाही, मग ते चौकातल्या फ्लेक्सवर विश्वास ठेवतात. त्यांचा दोष मानू नका.

काय करायचं, असं मला एकीने विचारलं होतं. मी जाहिरातवाला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि उपयोगी पडलं, तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी पाटी. वर्गाचं नाव, तुमचं नाव, तुमच्या गुरूंचं नाव, काय शिकवता, वार आणि वेळ, फोन नंबर. गुरूंचं नाव लिहाच. ते लिहिताना हात आपोआप खोटं लिहायला धजत नाही. फी लिहायला संकोच वाटत असेल तर निदान ‘पहिले दोन तास येऊन बघा, फी नाही’ असं लिहा. घाबरणाऱ्या आईला ती ओळ पुरते.

दुसरं म्हणजे निवेदकाच्या हातातली चिठ्ठी. गणपतीत, नवरात्रात, सोसायटीच्या २६ जानेवारीला तुमच्या मुली नाचतात. तुम्ही पंधरा दिवस तालीम घेता, विंगेत तोंडात पिना धरून गजरे बांधता, आणि माइकवरून येतं काय, “आता सोसायटीच्या बालकलाकार एक सुंदर नृत्य सादर करतील.” झालं. टाळ्या वाजतात, मुली जातात, आणि समोर बसलेल्या तीनशे माणसांना कळत नाही की या मुली कुणाकडे शिकतात. मुलुंडच्या एका ताईंना मी सांगितलं, तुम्ही दोन ओळी लिहून निवेदकाच्या खिशातच घाला. त्यांनी घातल्या. ‘या मुली अमुक ताईंकडे आठवड्यातून दोन दिवस कथक शिकतात. आज त्या तीनतालातला एक तुकडा आणि तिहाई करणार आहेत, शेवटच्या ‘धा’ला सगळ्यांचे पाय एकत्र थांबतात का ते बघा.’ आणि लोकांनी बघितलं! शेवटच्या ‘धा’ला अख्खं मंडप टाळीत होतं. त्या रात्री चार आया विंगेत आल्या. त्यातली एक तर स्वतःसाठी विचारत होती.

ही दुसरी ओळ मला जाहिरातीपेक्षा मोठी वाटते. लोकांना काय बघायचं हे सांगितलं की ते बघतात. तुम्ही रोज वर्गात हेच तर करता.

फोनवरच्या नकाशावर वर्गाची नोंद करणं फुकट आहे, तुमच्या विशारदच्या कुठल्याही मुलीला दहा मिनिटांत येतं. तिला सांगा.

व्हिडिओबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. लहान मुलींचे चेहरे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत, आणि शाळेच्या गणवेशात, वर्गाच्या वेळेसकट तर मुळीच नाही. गरजही नसते. घुंगरं बांधलेल्या पायांचा वीस सेकंदांचा तत्कार, तुमचे स्वतःचे हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली, पढंत करतानाचा तुमचा आवाज, यात मुलीचा चेहरा कुठेच लागत नाही आणि कथक पूर्ण दिसतं. साथीला माणूस बसतो हेही त्यात दिसू द्या. जिवंत तबल्यावर शिकायला मिळणं ही तुमच्या वर्गाची ताकद आहे, ती तुम्ही कधी बोलून दाखवत नाही.

आणि एक वही. कोण कधी आलं, कोण सोडून गेलं, कुणाची बहीण आता सहा वर्षांची झाली. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा ज्या ताईंकडे अशी वही होती त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना फोन केले. ऑनलाइन तबला जमला नाही. आवाज पोहोचेपर्यंत सम निघून जायची. पण पढंत चालली, अभिनय चालला, गप्पा चालल्या, आणि वर्ग तुटला नाही. ज्यांच्याकडे नंबरच नव्हते त्यांचे वर्ग दीड वर्षाने उघडले तेव्हा दाराशी कुणी नव्हतं.

एवढ्यावर थांबलात तरी पुष्कळ. मोठे फ्लेक्स, पैसे देऊन जाहिराती, मला त्यातलं कळत नाही आणि छोट्या वर्गाला ते लागतं असं मला वाटतही नाही. अशक्य ते कबूल करू नका, आहे ते सांगायला लाजू नका.

अंबरनाथला एका वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील भाजीची गाडी लावतात. वर्गाच्या खिडकीला ताईंनी पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेली पाटी टांगली होती, छापायला वेळ झाला नव्हता म्हणून. ‘कथक शिका. मंगळवार, शुक्रवार. बघायला या.’ गाडी त्या खिडकीखाली उभी असते. मुलगी वाचायला नुकतीच शिकली होती, दिसेल ते वाचत सुटायची. वडिलांना म्हणाली, इथे लिहिलंय बघायला या. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून बघत होती. चपला हातात धरल्या होत्या. ताईंनी आत बोलावलं तरी ती आली नाही. मी ठेका थोडा हळू केला. तिने दारातच चपला खाली ठेवल्या आणि उजवा पाय आपटला, मग डावा. आता ती प्रवेशिका पूर्णला बसते आहे. तिच्या तिहाईला मला जपून वाजवावं लागतं, कारण ती चुकत नाही आणि माझा हात मागेपुढे झाला तर मान वळवून माझ्याकडे बघते.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. त्याआधी एक रविवार ठरवा. हॉल, वाचनालय, देवळाचा सभामंडप, सोसायटीची गच्ची, काहीही चालेल. अर्धा तास तुमच्या मुली तत्कार आणि दोन तुकडे करतील, अर्धा तास तुम्ही लोकांशी बोला. कथक म्हणजे काय, किती वर्षं लागतात, मुलीला काय मिळतं, काय मिळत नाही. मुलुंड ते बदलापूर, ज्या ताई बोलावतील त्यांच्याकडे मी तबला घेऊन येतो. त्या दिवसाची बिदागी मला नको. सकाळची वेळ ठेवा, रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो. आणि पाटी टांगायला एक हातोडी तर माझ्या बॅगेत असतेच.

आपला,
सतरंजीवरचा तबलजी